पावणेदोन भागिले अर्धा

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींची गणिताच्या तासाकडून एकच अपेक्षा असते: फार काही नसावं. कला शाखेतून आलेल्यांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो आणि त्याचा आनंद अजून ओसरलेला नसतो. विज्ञानवाल्यांना वाटतं, आपण कलन शिकून आलो, आता पहिली ते पाचवीच्या बेरीज-वजाबाकीत काय राहिलं? दोघंही वेगवेगळ्या वाटांनी एकाच मुक्कामी पोचतात. तास सोपा जाईल, थोडं कार्डशीटचं साहित्य करावं लागेल, पाठ टाचणाच्या वहीला कव्हर घालावं लागेल, झालं. आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, यातलं टीईटीले किती येते?"

प्रश्न रास्त आहे. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीचा पेपर १५० गुणांचा, त्यात गणित ३० गुणांचं, आणि तो पेपर पास झाल्याशिवाय नोकरीचं नाव काढायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर सेवेत असलेले, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेले शिक्षकही या परीक्षेच्या तयारीला लागले आहेत. पोटाशी बांधलेल्या प्रश्नाला मी हसत नाही. पण त्या ३० गुणांसाठी लागणारी तयारी नागपुरात बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात मिळते. त्यासाठी माझी गरज नाही.

नागपुरातल्या एका अध्यापक विद्यालयात मी गणित शिकवते. या विषयाकडून माझी अपेक्षा काय, ते सांगायला मला एक भागाकार लागतो.

फळ्यावर मी लिहिते: १ ३/४ ÷ १/२. पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर काढा म्हटलं की वह्यांवर पेनं पळायला लागतात. सात छेद चार, भागाकाराचा गुणाकार, दुसरा अपूर्णांक उलटा, चौदा छेद चार, म्हणजे साडेतीन. "काहून उलटा केला?" मी त्यांच्याच भाषेत विचारते. "तसंच करते न मॅडम. सरांनी सांगतलं होतं." मग मी म्हणते, ठीक आहे, आता याचं शाब्दिक उदाहरण तयार करा. रोजच्या व्यवहारातला असा प्रसंग सांगा, की ज्यात हाच भागाकार करावा लागेल.

इथे पेनं थांबतात. थोड्या वेळाने पहिलं उदाहरण येतं: पावणेदोन लिटर दूध दोन भावांत सारखं वाटलं, तर प्रत्येकाला किती? दुसरं येतं: पावणेदोन किलो साखर होती, त्यातली अर्धी वापरली. पाच-सहा उदाहरणं फळ्यावर जमली की मी प्रत्येकाचं उत्तर काढायला सांगते. दोन भावांना पाऊण लिटरहून थोडं जास्त, म्हणजे सात-अष्टमांश लिटर दूध मिळतं. साखरेचंही तेच. आणि फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात साडेतीन लिहिलेलं असतं. पावणेदोन लिटर दुधाचं साडेतीन कसं झालं, हा प्रश्न उत्तर काढताना कुणालाच पडलेला नसतो. रीत बरोबर होती, मग उत्तराकडे बघायचं कशाला?

दोनने भागणं आणि अर्ध्याने भागणं यांची ही सरमिसळ काही नागपूरचीच मिरास नाही. लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना जे प्रश्न विचारले, त्यात हाच भागाकार होता. मी तो तिथूनच उचलला आहे. तिचा अभ्यास १९९९ साली पुस्तकरूपाने आला. अमेरिकी शिक्षकांपैकी ९ जण आकडेमोड पूर्ण करून बरोबर उत्तरापर्यंत पोचले होते. चीनमधले ७२ च्या ७२ पोचले. अर्थाला धरून असलेलं शाब्दिक उदाहरण अमेरिकी गटात एकाच व्यक्तीला सुचलं, तेही वर्गात वापरायला अवघडच. चीनमधल्या ९० टक्के शिक्षकांना ते जमलं. मला या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. ते चिनी शिक्षक नऊ वर्षं शाळा आणि मग दोन-तीन वर्षं शिक्षक-प्रशिक्षण, एवढंच शिकलेले होते. अमेरिकी शिक्षक पदवीधर. म्हणजे बारावी करून माझ्यासमोर बसलेली मुलगी त्या चिनी शिक्षकांपेक्षा जास्त इयत्ता शिकलेली आहे. तिला आणखी वरचं गणित शिकवून हा प्रश्न सुटणार नाही. खालचंच गणित तिला पुन्हा, पण वेगळ्या तऱ्हेने भेटायला हवं.

तर परत दुधाकडे. वाटणीचा भागाकार इथे चालत नाही, कारण अर्ध्या भावाला कुणी वाटा देत नाही. चालतो तो गट करण्याचा भागाकार. पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या, तर किती भरतील? हे एकदा कुणाला सुचलं की वर्ग सैलावतो. एक पिशवी, दोन, तीन. दीड लिटर संपलं. उरलं पाव लिटर. आणि इथे माझ्या आवडीचं भांडण सुरू होतं. अर्धा वर्ग म्हणतो, तीन पिशव्या आणि पाव, म्हणजे सवातीन. उरलेला वर्ग म्हणतो, रीतीने तर साडेतीन आलंय. मी गप्प राहते. हे भांडण लवकर मिटवणं म्हणजे अख्खा तास वाया घालवणं. दहा-बारा मिनिटांनी कुणीतरी उठून म्हणतं, अहो, ते पाव लिटर आहे, पाव पिशवी नाही. पिशवीच अर्ध्या लिटरची आहे, तर पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी.

अपूर्णांक कशाचा, हे न विचारता अपूर्णांकाशी बोलता येत नाही, हे त्यांना त्या पिशवीत दिसतं. मग उलटं का करायचं, तेही त्यातच सापडतं. एका लिटरमध्ये अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या, म्हणून पावणेदोन लिटरमध्ये पावणेदोन गुणिले दोन. पिशवी दोन-तृतीयांश लिटरची असती, तर एका लिटरमध्ये दीड पिशवी बसली असती, म्हणून तीन छेद दोनने गुणायचं. उलटा केलेला अपूर्णांक म्हणजे 'एकात किती' याचं उत्तर. हे ज्याने एकदा स्वतः शोधलं, त्याच्या तोंडून 'सरांनी सांगतलं होतं' निघत नाही.

माझे आजोबा इतवारीतल्या एका किराणा पेढीवर हिशेब लिहायचे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. तो सगळा घोकंपट्टीचा कारभार होता म्हणून नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिले, आणि तेच पाढे परत आणा म्हणणारेही. मला दोघांचंही पटत नाही. आजोबांच्या समोर रोज शेर होता, पोतं होतं, गिऱ्हाईक होतं. पाढा त्यांना वेग द्यायचा, अर्थ दुकान द्यायचं. आमच्या वर्गात दुकान नाही. म्हणून अर्थाची तजवीज शिक्षकालाच करावी लागते.

आणि ती तजवीज नागपुरात हमखास संत्र्यावर येऊन थांबते. सराव पाठात अपूर्णांक आला की पिशवीतून संत्रं निघतं. शिक्षिका सोलते, फोडी मोजते, दहा निघाल्या, म्हणजे एक फोड एक-दशांश. पोरं खुश, मार्गदर्शक शिक्षक खुश. पण संत्र्याच्या फोडी सारख्या नसतात. एकीत बिया, एक चिमुकली, एक फुगलेली. अपूर्णांकाचा सगळा डोलारा 'समान भाग' या दोन शब्दांवर उभा आहे, आणि संत्रं नेमकं तिथेच दगा देतं. एका सराव पाठात तिसरीतला एक पोरगा रुसून म्हणाला, "मले लहान फोड देल्ली." त्या तासाला वर्गात झालेलं सगळ्यात गणिती विधान तेच होतं, आणि आमच्या छात्राध्यापिकेने त्याला दुसरी फोड देऊन गप्प बसवलं. मी मागच्या बाकावरून निरीक्षण वहीत त्या पोराचं वाक्य तेवढं लिहून घेतलं. पुढच्या चर्चेत त्या वाक्यावरच पाऊण तास गेला.

संत्रं असो की भाकरी, तुकड्यांच्या चित्राला एक मर्यादा असते. सात-चतुर्थांश आलं की मुलं विचारतात, चार तुकड्यांतून सात कसे घ्यायचे? भावी शिक्षकांनाही हा प्रश्न अडतो, कारण त्यांच्याही मनात अपूर्णांक म्हणजे 'एकातला थोडासा' असंच बसलेलं असतं. ती एक संख्या आहे, संख्यारेषेवर तिला स्वतःची जागा आहे, पावणेदोन हे दीड आणि दोनच्या मधोमध बसतं, हे त्यांच्या बोटाला कळावं म्हणून मी सुतळी आणि कागदाची पट्टी वापरते. घडी घालून पाव, अर्धा, पाऊण करता येतं, आणि पट्टी एकापाशी संपत नाही.

आता वहीकडे. माझ्या मते या विषयाचा खरा मजकूर मुलांच्या वह्यांत आहे.

आंतरवासितेला, म्हणजे शिकवण्याच्या सरावाला, शाळेत जाणाऱ्यांना मी सांगते, चुकलेल्या उदाहरणांचे फोटो आणा. नावं नकोत, फक्त उदाहरणं. एकदा आलेलं हे बघा: ५२ वजा २७ बरोबर ३५. छात्राध्यापकाचा शेरा ठरलेला: 'विद्यार्थ्यास हातच्याची वजाबाकी येत नाही. अधिक सराव द्यावा.' अधिक सराव म्हणजे अशीच वीस उदाहरणं, वीसही याच रीतीने चुकणार. पण पोराने केलं काय? दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन काढले, तीन. पस्तीस. त्याच्याकडे एक नियम आहे, मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि तो नियम त्याला शिक्षकानेच दिला आहे. 'लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही,' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पोराने ते मनापासून पाळलं.

मग मी विचारते, आता या पोराला पुढचं कोणतं उदाहरण द्याल? कुणी ६८ वजा २३ सुचवतं. ते तर बरोबर येईल, कारण त्यात वरचे दोन्ही अंक मोठे आहेत. त्याचा चुकीचा नियम सुखरूप राहील, उलट त्याला वाटेल, जमलं. ज्या उदाहरणात चुकीची समजूत उघडी पडते आणि ज्यात ती झाकली जाते, त्यांतला फरक ओळखता येणं, हे मला या विषयातून मिळणारं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं. टीईटीत ते विचारत नाहीत.

दशांश अपूर्णांकांत हे आणखी स्पष्ट होतं. ०.६२ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती, हा प्रश्न वर्गात टाकला तर जवळपास सगळी मुलं बरोबर सांगतील, आणि त्यांतल्या पुष्कळांचं कारण चुकीचं असेल: बासष्ट चारपेक्षा मोठे. ०.३५ आणि ०.८ विचारा, मग खरं काय ते कळतं. पूर्वी इथे पैसे मदतीला यायचे. आता पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा ३० जून २०११ पासून चलनातून गेलंय आणि आठ-नऊ वर्षांच्या पोराने पैसे नावाची गोष्ट हातात धरलेली नाही. त्याला दशांश चिन्ह दिसतं ते कॉटन मार्केटातल्या भाजीवाल्याच्या काट्यावर. ०.७५० दिसलं की भाजीवाला म्हणतो 'पाऊण किलो', आणि आई म्हणते 'साडेसातशे ग्रॅम'. एका आकड्याची तीन रूपं तिथे रोज लखलखतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी पाठ टाचणात संत्र्याऐवजी काट्याचे फोटो लावले तेव्हा मला फार बरं वाटलं.

वजाबाकीवरून आठवलं. माझी आई हातच्याची वजाबाकी वेगळ्या रीतीने करायची. बावन्नातून सत्तावीस काढताना ती वर दोनाचे बारा करायची, आणि दशकाच्या घरात वरच्या पाचाला हात न लावता खालच्या दोनाचे तीन करायची. बारातून सात गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. आता पुस्तकात दशक सुटा करून वरच्या पाचाचे चार करतात. घरी आजीने शिकवलेली रीत वहीत आली की आमची नवी शिक्षिका त्यावर फुली मारते. दोन्ही संख्यांत दहा मिळवले तर त्यांच्यातला फरक बदलत नाही, एवढंच त्या रीतीचं मर्म आहे. दहा वरती सुटे म्हणून मिळवले, खाली दशक म्हणून. हे कळलं की आजीचा मान राहतो आणि पोराचा गुणही. निव्वळ 'पुस्तकातली रीत' शिकलेल्या शिक्षकाला हे कधी कळणार?

संख्यांच्या वाचनावरून २०१९ साली केवढा गदारोळ झाला होता ते आठवतं? बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' असं वाचन दिलं होतं. डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. टिंगल झाली, विधिमंडळापर्यंत गोष्ट गेली. बाजू घेण्याआधी दुसरीच्या वर्गात जाऊन बसावं, असं मला तेव्हाही वाटत होतं. सत्तेचाळीस ऐकलं की कानावर आधी सात पडतात, लिहायचे मात्र आधी चार. पोरं ७४ लिहितात ते उगाच नाही. एकोणतीस, एकोणचाळीस करत आलं की पाठीमागून एक वजा करायचं, आणि शेवटी नव्याण्णव येऊन तो नियमही मोडतं. नागपुरात तर घरी मराठी, गल्लीत हिंदी, त्यामुळे सत्तेचाळीस आणि सैंतालीस दोन्ही कानावर. मला स्वतःला जुनीच नावं ठेवावीत असं वाटतं, कारण बाजारात तीच बोलली जातात. पण 'वीस एक'मध्ये दशक-एककाची जी फोड दिसते, ती पहिल्या दोन महिन्यांत तोंडी वापरायला कुणाची हरकत असावी, हे मला अजून उमजलेलं नाही. 'तीनशे पाच' ऐकून ३००५ लिहिणारा पोरगा ज्याने पाहिलाय, त्याला या वादात विनोद दिसत नाही.

शून्याचा तास मी मुद्दाम उशिरा घेते. पाच भागिले शून्य किती, असं विचारलं की वर्गात तीन उत्तरं येतात: शून्य, पाच आणि अनंत. 'भागता येत नाही' हे चौथं उत्तर पाठ असणाऱ्यांना मी विचारते, का नाही? पिशवीवर या. पाच लिटर दूध, शून्य लिटरच्या पिशव्या, किती भरतील? भरतच राहा, दूध संपणार नाही. उलट बाजूने बघा: कोणत्या संख्येला शून्याने गुणलं की पाच येतील? कोणत्याच नाही. मग शून्य भागिले शून्य? कोणतीही संख्या चालेल, म्हणून एक उत्तर ठरवता येत नाही. या ठिकाणी मी त्यांना ब्रह्मगुप्ताबद्दल सांगते. शून्याच्या गणिताचे नियम ज्याने इ.स. ६२८ मध्ये पहिल्यांदा नीट मांडले, त्यानेही शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं लिहिलं होतं. पुढे पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असं नाव दिलं आणि ती अनंत मानली. एवढ्या थोरामोठ्यांना जे अवघड गेलं, ते चौथीतल्या पोरीने विचारलं तर तिला 'गप बस, असा प्रश्न नसतो' म्हणू नये, इतकी तरी अपेक्षा मी ठेवते. नागपुरातल्या झिरो माईलच्या दगडावरून एका मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, झिरो माईल हे अंतर आहे का जागा?" त्या प्रश्नाने तो पुढच्या रांगेत आला तो वर्षभर तिथेच राहिला.

आता भीतीबद्दल. 'मला गणित जमत नाही' हे वाक्य आमच्याकडे मुली जितक्या सहज बोलतात, तितक्या सहज 'मला वाचता येत नाही' असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या सिआन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० सालचा एक अभ्यास मी वर्गात सांगते. पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका, ११७ मुलं. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेच्या गणितभीतीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध दिसला नाही. वर्षाच्या शेवटी मात्र जास्त घाबरणाऱ्या शिक्षिकांच्या वर्गातल्या मुलींच्या मनात 'मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात' ही समजूत जास्त आढळली, आणि ती समजूत असलेल्या मुली गणितात मागे होत्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. हे सांगून झालं की वर्ग जरा वेळ बोलत नाही. भीती घालवण्यासाठी मी गणित सोपं करत नाही, हे मात्र खरं. सोपं करून दिलेल्याची भीती जात नाही, लपते. अवघड प्रश्नावर सगळ्यांसमोर अडकून, भांडून, मग बाहेर पडल्यावर ती थोडी कमी होते.

हा विषय शिकवायचा कुणी, याचं भिजत घोंगडं आहेच. गणितवाल्यांना यात गणित दिसत नाही. शिक्षणशास्त्रवाले पद्धतींची नावं सांगतात, उद्गामी, अवगामी, खेळ पद्धती, आणि त्या पद्धतीत काय घालायचं ते गणिताच्या शिक्षकावर सोपवतात. अमेरिकेत गणिताच्या संघटनांच्या एकत्रित मंडळाने २००१ साली भावी प्राथमिक शिक्षकांसाठी किमान ९ सेमिस्टर-तासांचं गणित सुचवलं होतं, २०१२ मध्ये ते १२ केलं. म्हणजे साधारण चार सत्र-अभ्यासक्रम, आणि तेही त्यांना पुढे शिकवायच्या गणिताचेच, खोलात जाऊन. तिथेही सगळीकडे ते पाळलं जातं असं नाही. पण निदान कुणीतरी कागदावर म्हणून ठेवलंय की प्राथमिकचं गणित शिकायला इतका वेळ लागतो. आमच्याकडे 'निपुण भारत'चे फलक शाळाशाळांत लागले, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा असं ठरलं. ते करून घेणाऱ्याला हिशेबाचं मर्म किती वेळात शिकवायचं, हे फलकावर नसतं.

बाकी क्षेत्रफळ-परिमितीला मला फार कष्ट पडत नाहीत. त्याचं श्रेय आमच्या शहरातल्या ले-आऊटांना. प्लॉटचे भाव सगळ्यांच्या घरी चर्चेत असतात. तीस बाय पन्नासचा प्लॉट आणि वीस बाय साठचा प्लॉट, दोघांना तारेचं कुंपण तेवढंच, १६० फूट. मग भावही तोच द्याल का? एकातली जागा १५०० चौरस फूट, दुसऱ्यातली १२००. 'कुंपण तेवढंच तर जागाही तेवढीच' हा समज इथे पाच मिनिटांत खाली बसतो, आणि एखादी पोरगी हळूच म्हणते की बाबांना सांगायला पाहिजे.

आमचे एक सहकारी नेहमी म्हणतात, हे सगळं ठीक आहे, पण अभ्यासक्रम पुरा कधी करणार? वर्षभरातले तास मोजकेच, त्यांत गणेशोत्सव, निवडणुकीची कामं, क्रीडा सप्ताह. त्यांचं खरं आहे. म्हणून मी काही गोष्टी सरळ सोडून देते. अपूर्णांकांचे प्रकार व्याख्येसह लिहा, असल्या प्रश्नांची उत्तरं मी वर्गात लिहून देत नाही, ती गाईडमध्ये असतात. रोमन अंक त्यांचे त्यांना वाचता येतात. लसावि-मसाविच्या झटपट युक्त्यांसाठी क्लासेस आहेतच.

अंतर्गत गुण माझ्या हातात असतात, तिथे मी एकच मोठा प्रश्न घालते. पाचवीच्या वहीतलं एक चुकलेलं उदाहरण छापून देते, या वर्षी १/२ + १/३ = २/५ होतं, आणि चार गोष्टी विचारते: मुलाने काय विचार केला, तो विचार कुठल्या ठिकाणी बरोबर ठरतो, त्याला लगेच पुढचं कोणतं उदाहरण द्याल, आणि त्यातून तुम्हाला काय कळेल. दुसऱ्या उपप्रश्नावर बहुतेकजण अडतात. एका मुलीने लिहिलं, दोन वर्गचाचण्या असतील, पहिलीत दोनपैकी एक उदाहरण बरोबर आलं, दुसरीत तीनपैकी एक, तर एकूण पाचपैकी दोन बरोबर, तिथे हीच बेरीज चालते. पुढे तिने हेही लिहिलं की इथे 'एकूण' बदललं, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत ते दोन्हीकडे एकच हवं. तिसऱ्या उपप्रश्नाला तिचं उत्तर होतं, १/२ + १/२ द्यावं, त्याच्या रीतीने २/४ येईल, म्हणजे दोन अर्धे मिळून पुन्हा अर्धाच, ते त्याचं त्यालाच खटकेल. मी पूर्ण गुण दिले. गुणपत्रक जमा करताना मला विचारण्यात आलं की या प्रश्नाची आदर्श उत्तरपत्रिका कुठे आहे. मी त्या मुलीच्या उत्तराची झेरॉक्स जोडून दिली.